बाटलीवरचं बारीक अक्षर



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘फिनेल.’ पलीकडे जरा शांतता झाली. मग अतिशय अदबीनं विचारणा झाली, ‘सर, म्हणजे सामाजिक शुद्धीकरणाबद्दल का?’ म्हटलं, नाही हो, लादी पुसायचं फिनेल. आणि अ‍ॅसिड, ब्लीच, डेटॉल, सॅनिटायझर. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून जागतिक अर्थकारणापर्यंत सगळं होऊन गेलं, तिथे हा विषय काहींना मोरीतला वाटेल. तो मोरीतलाच आहे. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यांना फळ्यावरचं समीकरण आणि मोरीतलं समीकरण यात फरक वाटला नसता, एवढा भरवसा मला आहे.

तर आधी तुम्हाला एक प्रश्न. तुमच्या घरात विष आहे का? बहुतेक जण म्हणतील, छे, फार तर उंदराचं औषध. बरं. संडासाच्या कोपऱ्यात काय आहे? ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी काय आहे? कपाटातल्या प्रथमोपचाराच्या डब्यात काय आहे? 2020 पासून पर्समध्ये जी छोटी बाटली फिरते आहे, तिच्यात काय आहे? यातल्या बहुतेक वस्तू सजीवाला मारण्यासाठीच बनवलेल्या आहेत. जंतू मारायचा आणि माणूस ठेवायचा, हे त्या द्रवाला कळत नाही. किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, कशावर घालायचं आणि कशात मिसळायचं नाही, हे माणसानं ठरवायचं. ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती बाटलीवर छापलेली असते, पण ती वाचायला भिंग लागतं आणि बहुतेक वेळा इंग्रजी यावं लागतं. माझं आजचं सगळं बोलणं त्या बारीक अक्षराबद्दल आहे.

पहिला मुद्दा वासाचा. आपण जंतुनाशक विकत घेतो की वास विकत घेतो? लादी पुसल्यावर घरभर फिनेलचा घमघमाट सुटला नाही तर पुसल्यासारखं वाटतच नाही. इस्पितळाचा वास आला म्हणजे जंतू मेले, असं आपण नाकानं ठरवतो.

या नाकाला इतिहास आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. तिथल्या एका प्रसूती विभागात बाळंतिणी तापानं मरत होत्या. 1846 साली शंभरातल्या अकराहून अधिक. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला येत. हाताला प्रेताचा वास असे, साबणानंही जात नसे. सेमेलवाइसनं हात क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले. का? तो वास त्यानं जातो म्हणून! जंतू त्याला ठाऊकच नव्हते. वासाबरोबर जे मारक होतं तेही गेलं, आणि 1848 साली मृत्यू शंभरात सव्वावर आले. त्याचं अनुमान अर्धं बरोबर होतं, पण त्यानं एक गोष्ट नेमकी केली: त्यानं आकडे मोजले. वास गेला यावर तो थांबला नाही.

आता आपल्याकडे या. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उतरला. गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बॉलिक आम्लानं धुतली गेली. घरांना चुना फासला गेला. शहराला कार्बॉलिकचा वास येत असणार. आणि प्लेग? तो पसरतच राहिला, पुण्यात आला, पुढे गेला. रोग फिरत होता उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं हे 1898 साली मांडलं, आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षं लागली. वास होता, औषध होतं, पण शत्रू दुसऱ्याच दारानं जात होता.

आणि शत्रू समोरच असला, तरी जंतुनाशक घाणीवर ओतलं की काय होतं? ते घाणीतच खर्च होतं. क्लोरीनला जंतू आणि खरकटं यात भेद नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी ते झटापट करतं आणि संपतं. म्हणून आधी झाडणं, आधी घासणं, आधी साबण, आणि मग गरज असेल तर औषध. गाडगेबाबांच्या हातात खराटा होता. क्रमाच्या दृष्टीनं बाबा अगदी शास्त्रशुद्ध होते. रोजच्या लादीला, ओट्याला, ताटवाटीला साबण आणि पाणी पुरतं. घरात कुणाला जुलाब-उलट्या होताहेत, कुणाचं रक्त सांडलंय, संडासाची कडी चार माणसं हाताळताहेत, तिथे जंतुनाशकाचं काम. उरलेला वापर बहुतांशी मनाच्या समाधानासाठी असतो, आणि त्या समाधानाचा खर्च फुप्फुसं आणि कातडी भरतात.

खेड्यातून आलेली मंडळी इथे आहेत, त्यांना टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या टाकीत ती पडते, आणि पाणी नळाला आल्यावर ओटी टेस्ट करतात. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. गंमत बघा, गावच्या पाण्याबाबत आपण चाचणी मागतो, आणि घरच्या लादीबाबत नाक पुरेसं धरतो. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण शेकडा 33 क्लोरीन उपलब्ध असतं, आणि ती ताजी असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं, की क्लोरीन उडून जातं आणि मागे चुना राहतो. मग ‘पावडर टाकली’ हे वाक्य खरं असतं, पाणी मात्र तसंच असतं.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा आणि वेळेचा. मराठी माणसाला एक सवय आहे. अर्धं झाकण लिहिलं असेल तर तो एक झाकण घालतो, ‘जरा जास्त असू दे.’ औषधाच्या गोळीला आपण असं करत नाही, निदान उघडपणे नाही.

सॅनिटायझरमध्ये नव्वद-पंच्याण्णव टक्के अल्कोहोल असतं तर ते जास्त चांगलं झालं असतं, बरोबर? चूक. जंतूची प्रथिनं विस्कटायला अल्कोहोलबरोबर पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोल पटकन उडून जातं आणि काम अर्धवट राहतं. म्हणून सत्तरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल 80 टक्के आहे, आणि साठच्या खाली भरवसा ठेवू नये. तेही हात वीस-तीस सेकंद ओले राहतील इतकं घ्यायचं. नखाएवढा थेंब घेऊन तळवे एकदा घासले, हा नुसता उपचार झाला. आणि हात तेलकट किंवा मातीचे असतील तर सॅनिटायझर कुचकामी. जुलाबाच्या साथीतला नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही. तिथे साबण. तुमच्या सभागृहाच्या दारात पायानं दाबायचा एक स्टँड अजून उभा आहे, मी येताना दाबून पाहिला, त्यात काहीच नाही. संयोजकहो, भरू नका. आत बेसिनजवळ साबणाची वडी ठेवा.

ब्लीचचं गणित साधं आहे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्के असेल तर एक लिटर साध्या पाण्यात वीस मिलिलिटर, म्हणजे एक दशांश टक्का. घरातल्या पृष्ठभागांना एवढं पुरतं. सांडलेल्या रक्ताला पाचपट तीव्र लागतं. पाणी गार हवं, कारण गरम पाण्यात हायपोक्लोराइट लवकर विघटित होतं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, उद्या त्यात दम राहत नाही. आणि लावल्या लावल्या पुसायचं नाही. फरशीची कित्येक जंतुनाशकं दहा-दहा मिनिटं ओली राहिली तरच लिहिलेलं काम करतात. दहा मिनिटं! आपण मागोमाग पंखा लावतो.

जास्त घातल्यानं काय बिघडतं? ज्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे त्यांनी ऐका. त्या टाकीत मैला पचवणारे जंतू असतात, आणि वरून आपण रोज फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच ओततो. संडास गोबरगॅसला जोडलेला असेल तर गॅस कमी का येतो याचं उत्तर अनेकदा संडासातल्या बाटलीत असतं. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरीत मैल्यापासून खत आणि गॅस यांचे प्रयोग केले. त्या माणसाला कळलं होतं की जंतू हा आपला गडीही असतो. घरात मांजर असेल तर आणखी एक. फिनेल-डेटॉलमधले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर ओल्या लादीवरून चालून पाय चाटतं. लादी वाळेपर्यंत तिला बाहेर ठेवा. विषयांतर झालं, पण मांजरवाले किती आहेत ते चेहऱ्यांवरून कळलं.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी जरा वेळ थांबणार आहे, कारण माणसं इथे मरतात.

दिवाळीची सफाई. संडासाला पिवळे डाग. बाईंनी आधी टॉयलेट क्लीनर ओतलं, ते आम्ल आहे, हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण दहा टक्के. सुटं अ‍ॅसिड असेल तर आणखी कडक. डाग हलला नाही, म्हणून वरून ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर. दोन्ही चांगल्या वस्तू, दोन्हींनी डाग जातो, मग दोन्हींनी दुप्पट जाईल. हे तर्कशास्त्र घरोघर आहे. पण आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्यानं सिलिंडर उघडून जो वायू सोडला, तोच. तिथे निदान मोकळं मैदान होतं. आपला संडास चार बाय तीन, झरोका गंजून बंद. आणि क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो छताला जात नाही, खाली साठतो. ब्रश घेऊन उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड नेमकं कुठे असतं?

घसा जळतो, डोळ्यांतून पाणी येतं, खोकला थांबत नाही. अशा वेळी बादलीभर पाणी ओतून निस्तरायला आत थांबायचं नाही. बाहेर यायचं, दार-खिडक्या उघडायच्या, मोकळ्या हवेत बसायचं. आणि अर्ध्या तासानं बरं वाटलं म्हणून विसरायचं नाही. फुप्फुसात पाणी साचायला काही तास लागू शकतात. संध्याकाळी धाप लागली तर सकाळची सफाई डॉक्टरांना सांगायची.

दुसरी जोडी ब्लीच आणि अमोनिया. अमोनिया कुठून येतो? काच पुसायच्या काही द्रवांतून येतो, आणि मुतारीतून येतो. शाळेच्या, एसटी स्टँडच्या मुतारीत वास मारायला कोरडी ब्लीचिंग पावडर फेकतात, आणि सफाई करणारा माणूस डोळे चोळत बाहेर येतो. तो क्लोरामाइन वायूंचा प्रताप. आधी भरपूर पाणी मारावं, मग पातळ द्रावण. ब्लीच आणि सॅनिटायझर एकत्र नको. ब्लीच आणि व्हिनेगर नको, लिंबूही नको. नळी तुंबली की टाकायची जी पावडर असते ती कॉस्टिक सोडा. तिच्यामागोमाग अ‍ॅसिड ओतलं तर उकळतं द्रव तोंडावर उडतं. सगळ्या जोड्या पाठ करायची गरज नाही. एका वेळी एक बाटली. दुसरी वापरायची तर मधे भरपूर पाणी, आणि शक्य असेल तर दुसरा दिवस. यूट्यूबवरचे ‘घरगुती जादूई मिश्रण’ सांगणारे लोक रसायनशास्त्रात नापास झालेले आहेत, असं मी एक जुना परीक्षक म्हणून जाहीर करतो.

आगीचं एक वाक्य. सत्तर टक्के अल्कोहोलची वाफ आपल्या खोलीच्या तापमानाला पेट घेते, आणि तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. सॅनिटायझर चोळून लगेच निरांजन लावायचं नाही, गॅसही पेटवायचा नाही. देवघरात आणि स्वयंपाकघरात साबणच बरा.

चौथा मुद्दा बाटलीचा. गल्लीत सायकलवरून ‘फिनेल, अ‍ॅसिड’ अशी आरोळी येते. तो कशात देतो? पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. पांढरं फिनेल पाण्यात घातलं की दुधासारखं दिसतं. सुटं अ‍ॅसिड पाण्यासारखं दिसतं. तहानलेल्या चार वर्षांच्या मुलानं काय ओळखायचं? तहानलेल्या आजोबांनी तरी, चष्म्याशिवाय, मध्यरात्री, काय ओळखायचं? 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याची ओळख, नोंदवही, सगळं सांगितलं. सायकल मात्र अजून येते.

चूक फक्त लहान मुलं करतात असं समजू नका. 31 जानेवारी 2021, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. पाजणारे आरोग्य विभागातले होते. मुलं रुग्णालयात ठेवावी लागली, सुदैवानं सगळी बरी झाली. सॅनिटायझर औषधाच्या टेबलावर असेल तर एक दिवस ते औषध म्हणून उचललं जाणार.

आणि मुद्दाम प्यायलेलं? कोविडच्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली, आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर करू लागल्या. लोकांना एवढंच कळलं की त्यात अल्कोहोल आहे. 2020 च्या जुलैअखेर आंध्रात कुरिचेडूला, 2021 च्या एप्रिलमध्ये आपल्या वणीला, सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. बनावट मालात अनेकदा मिथेनॉल असतं. त्यानं आधी दृष्टी जाते, मग जीव. वर्तमानपत्रांनी त्यांना तळीराम म्हटलं. मला तो शब्द त्या बातमीत खटकतो. व्यसन हा आजार आहे, आणि त्या माणसांपर्यंत बाटलीवरचं बारीक अक्षर कुणीच पोचवलं नव्हतं.

म्हणून मूळ बाटली, मूळ झाकण, मूळ लेबल. सुटं घेतलंच तर त्यावर मराठीत ठळक ‘विष’ लिहा आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कवटी काढा. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. जागा वरच्या फळीची, कुलुपाची. सिलिंडरशेजारची नाही, मसाल्याच्या डब्यांजवळची तर नाहीच.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेच्या पुस्तकात सहसा नसतो. जंतुनाशक कुणावर पडतं, आणि कुणाच्या हातानं?

30 मार्च 2020. टाळेबंदीत घरी निघालेले मजूर उत्तर प्रदेशात बरेलीला पोचले. त्यांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा मारला गेला. त्यांत लेकरं होती. डोळे जळले. बसगाडीवर मारायचं औषध माणसांवर मारलं गेलं. 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लेखी सांगावं लागलं की माणसावर जंतुनाशक फवारू नका, त्यानं अपाय होतो आणि उपयोग होत नाही. तरी बाजारसमित्यांच्या, सोसायट्यांच्या दारात फवाऱ्यांचे बोगदे उभे राहिलेच. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते बंद करायला सांगितलं. मी विचारतो, त्या बोगद्यांतून कोण गेलं? हमाल, भाजीवाले, घरकामाच्या मावशी. सोसायटीचे चेअरमन गाडीत काचा वर करून आत गेले. माणसालाच घाण समजायची आपली जुनी खोड या निमित्तानं नवीन पंप घेऊन आली. जंतुनाशक वस्तूंसाठी असतं. माणसाला साबण, पाणी आणि बसायला सावली.

आणि हात कुणाचे? बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांहून अधिक युरोपीय माणसांची फुप्फुसं वीस वर्षं तपासली होती. घरी किंवा कामावर सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची ताकद इतर स्त्रियांपेक्षा वेगानं घटली होती. या युरोपातल्या बायका. आपली मावशी दिवसाला पाच घरी, पाच वेगवेगळ्या बाटल्या, उघड्या हातांनी वापरते. बोटांच्या बेचक्यात भेगा, थंडीत खोकला. रबरी हातमोज्यांचा जोड आपल्या एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे. तो तिनं आणायचा नाही, आपण द्यायचा. ‘ती घालतच नाही’ असं सांगणाऱ्यांनी तिच्या हाताच्या मापाचा आणला होता का, ते आधी सांगावं. बाटलीवरचं इंग्रजी तिला वाचून दाखवायचं, आणि पुसताना खिडकी उघडी ठेवायची, मग एसीची हवा गेली तरी चालेल.

आता वेळ संपत आली आहे, तेव्हा अपघात झालाच तर काय करायचं ते सांगतो आणि थांबतो. डोळ्यात उडालं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटंही त्या वेळी फार वाटतात. अंगावर सांडलं तर कपडे काढून भरपूर पाणी. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, लिंबू, घशात बोटं, यातलं काही नाही. अ‍ॅसिडनं अन्ननलिका जाताना एकदा भाजलेली असते, ती परत येताना पुन्हा भाजते. ‘आम्लावर सोडा’ हे प्रयोगशाळेतलं सूत्र माणसाच्या पोटात लावायचं नाही. 108 ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा क्रमांक 1800 116 117. निघताना रोग्याबरोबर ती बाटलीही घ्यायची, उरलेल्या द्रवासकट, लेबलासकट. डॉक्टरला रोगी पाहून अंदाज करावा लागतो, बाटली पाहून उत्तर मिळतं. सायकलवाल्याकडून कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेतलेलं असेल, तर मात्र त्या डॉक्टरला तुम्ही काय दाखवणार?